पंधराव्या अध्यायातल्या झाडाला सावली आहे का?

कट्टेकर
मंडळी, प्रश्न माझा नाही, बाबांचा आहे.

आम्ही फोंडा तालुक्यातले. देवळासमोर जुना पिंपळ आहे, त्याला चिऱ्यांचा चौकोनी कट्टा. बाबा 82 वर्षांचे, प्राथमिक शाळेत मास्तर होते. जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचा, हा आमच्या घरचा नेम. जेवणानंतर वामकुक्षी आणि मग चार वाजेपर्यंत कट्टा, हा त्यांचा स्वतःचा नेम. गेल्या पावसात पिंपळाची पश्चिमेकडची थोरली फांदी पडली. झाड वाचलं, पण आता दुपार कलली की ऊन थेट कट्ट्यावर येतं. चिरे इतके तापतात की हात टेकवत नाही. बाबांचं जाणं बंद झालं.

परवा ताटावर बसून ते 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्', म्हणजे मूळ वर आणि फांद्या खाली असलेल्या अश्वत्थाचा, पिंपळाचा श्लोक म्हणत होते आणि मध्येच थांबले. म्हणाले, "सत्तर वर्षं म्हणतोय रे. मुळं आहेत, फांद्या आहेत, पानं आहेत, कोंभसुद्धा आहेत. सावली कुठं आहे?"

मी अध्याय परत वाचला. वीस श्लोक. सावलीचा शब्द खरंच नाही. उलट तिसऱ्या श्लोकात हे झाड असंगाच्या, म्हणजे अनासक्तीच्या, शस्त्राने तोडायला सांगितलंय. आणि आम्ही त्याच पिंपळाला प्रदक्षिणा घालतो, सुतळीभर फांदी कुणी छाटली तरी भांडायला उठतो. जुन्या धर्मग्रंथांत सावलीच्या झाडाला नेमका काय अर्थ आहे? आसरा की मोह? जाणकारांनी सांगावं. बाबांना वाचून दाखवणार आहे, तेव्हा सावकाश आणि नीट लिहा.

खारवी
तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. वाचतोय.

हरिपाठी
उत्तर सरळ आहे. ते झाड म्हणजे संसार. संसाराला कसली सावली? ज्ञानेश्वर माउलींनी 'अश्वत्थ' शब्दाची फोडच अशी केली आहे की 'श्व' म्हणजे उद्या, जे उद्यापर्यंत टिकत नाही ते अश्वत्थ. शंकराचार्यांच्या भाष्यातही हाच अर्थ आहे. आणि या झाडाचं फळ चाखायला मिळत नाही, फूल हुंगायला मिळत नाही, जे काही आहे ते नुसतं झाडच, असंही माउली सांगतात. जिथे फळ नाही, फूल नाही, तिथे सावली शोधायची कशाला?

वेदवाचक
कट्टेकर, प्रश्न फार चांगला आहे. हरिपाठी म्हणतात ते बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. मी निवृत्त संस्कृत शिक्षक, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिल्या श्लोकात 'छन्दांसि यस्य पर्णानि' असं आहे. वेद ही या झाडाची पानं. पानंच का? शंकराचार्य तिथे छंद शब्द 'छादन' म्हणजे झाकणं याच्याशी जोडतात. पानं जशी झाडाचं रक्षण करतात, तसे वेद या संसारवृक्षाचं रक्षण करतात, असा त्यांचा अर्थ. म्हणजे सावलीचा शब्द नसला तरी सावली ज्यातून पडते ते पांघरूण पहिल्याच ओळीत आहे.

आता याच्या मागे जा. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात एक छोटी गोष्ट आहे. देवांना मृत्यूची भीती वाटली. ते वेदविद्येत शिरले, त्यांनी छंदांनी स्वतःला झाकून घेतलं, म्हणूनच छंदांना छंद म्हणायचं. पण मृत्यूने त्यांना तिथेही पाहिलं. कसं पाहिलं? 'यथा मत्स्यमुदके परिपश्येत्', पाण्यात मासा दिसावा तसं. मग देव ते पांघरूण सोडून स्वरात, म्हणजे ओंकारात शिरले आणि निर्भय झाले.

गोव्यातल्या माणसाला ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको. डिसेंबरातलं निवळ पाणी, वर बांधावर उभं राहिलं की तळाशी शेवटो फिरताना दिसतो. माशाला वाटतं, आपण लपलोय.

तेव्हा माझं म्हणणं असं: सावली आहे, ती खरीही आहे, पण ती मृत्यूपासून लपवत नाही. म्हणून गीता तिच्याकडे बोट दाखवत नाही.

रायतूरकर
वेदवाचक सर, माशाची उपमा वाचून अंगावर काटा आला. मी साष्टीतला ख्रिस्ती, घरात मराठी बायबल आहे, आणि कट्टेकरबाबांचा प्रश्न तिथेही लागू पडतो, म्हणून लिहितो.

योना संदेष्ट्याची गोष्ट त्याला गिळणाऱ्या माशामुळे सगळ्यांना ठाऊक असते, पण तिचा शेवट सावलीचा आहे. निनवे शहर देवाने नष्ट केलं नाही म्हणून योना रुसून शहराबाहेर बसतो. डोक्यावर ऊन. देव एक झाड उगवतो, काही भाषांतरांत वेल म्हटलंय. योनाला सावली मिळते आणि तो फार खूश होतो. सबंध पुस्तकात तो एवढा आनंदी फक्त इथेच दिसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे देव एक किडा पाठवतो, झाड वाळतं, पूर्वेकडून गरम वारा सुटतो आणि योना म्हणतो, यापेक्षा मरण बरं. तेव्हा देव विचारतो: जे झाड तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, जे एका रात्रीत आलं आणि एका रात्रीत गेलं, त्याच्यासाठी तुझा जीव एवढा तुटतो, मग या मोठ्या शहरातल्या लाखाहून जास्त माणसांसाठी आणि गुराढोरांसाठी माझा तुटू नये?

हरिपाठी म्हणाले, अश्वत्थ म्हणजे उद्यापर्यंत न टिकणारं. योनाचं झाडही उद्यापर्यंत टिकलं नाही. पण तिथे देव त्या झाडाला खोटं म्हणत नाही. सावली गेल्याचं जे दुःख झालं, त्याच दुःखातून योनाला दुसऱ्यांचं दुःख दाखवतो. हा फरक मला मोठा वाटतो.

माशेलकरीण
रायतूरकरबाब, तुम्ही फार छान लिहिलंत. शेवटची गुरंढोरं वाचून तर गलबलून आलं.

माझी बाजू बाईमाणसाची. ज्येष्ठातली पौर्णिमा. पाऊस सुरू झालेला किंवा अगदी तोंडावर. आई मला हाताला धरून वडाकडे न्यायची. पाच-सात बायका सूत गुंडाळताना एकमेकींना वाट देत फिरायच्या. मी पारंब्यांच्या आत शिरून बसायचे. आत पाऊस उशिरा पोचतो, आधी आवाज येतो, मग थोड्या वेळाने थेंब. आत ओल्या मातीचा आणि आदल्या वर्षीच्या सुताचा कुबट वास. ते सूत काळं पडून सालीत रुतलेलं असायचं. माझ्यासाठी ग्रंथ तोच.

आता बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात, लोक घरी आणून कुंडीत खोचून पूजा करतात. सावित्रीने ज्या झाडाखाली नवऱ्याचे प्राण परत मिळवले म्हणून आपण पूजा करायची, त्याचाच हात तोडून आणायचा. मला हे सहन होत नाही. गीतेने तोडायला सांगितलेलं झाड हे नव्हे.

पुणेरी पाहुणा
माशेलकरीण ताई, शंभर टक्के सहमत. आमच्याकडेही हेच. एक विचारतो, महाभारताच्या वनपर्वातल्या सावित्रीच्या मूळ कथेत वड आहे का?

वेदवाचक
वनपर्वात सत्यवान लाकडं फोडताना त्याचं डोकं दुखू लागतं, तो सावित्रीच्या मांडीवर डोकं ठेवून निजतो आणि यम येतो. वडाला आजचा मान आला तो व्रताच्या परंपरेतून. मात्र वनपर्वातच दुसरीकडे वड आहे आणि तो फार मोठा आहे. प्रलयात सगळीकडे पाणीच पाणी, मार्कंडेय एकटा वाहत चाललाय, आणि त्याला न्यग्रोधाच्या फांदीवर एक बाळ दिसतं. जग बुडतं तेव्हाही वड उरतो. बायकांनी सौभाग्यासाठी तोच निवडला, यात मला काही चुकलेलं दिसत नाही.

रानवाट
मी रोपवाटिका चालवतो, सत्तरीत. ग्रंथांचं मला फार कळत नाही, झाडांचं थोडं कळतं. 'ऊर्ध्वमूल' हा कल्पनेचा खेळ आहे असं सगळे मानतात, मला ते डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन वाटतं.

वड-पिंपळाचं बी मोहरीहून बारीक. पाखरं फळ खातात, बी विष्ठेतून कुठेही पडतं. ते बहुधा जमिनीवर रुजतच नाही. माडाच्या खोबणीत, जुन्या देवळाच्या कळसाजवळ, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं. मग मूळ वरून खाली उतरायला लागतं. दोन-तीन पुरुष उंचीवरून सुतासारखं मूळ भिंतीला चिकटून खाली येतं आणि जमीन सापडली की जाड होतं. म्हणजे मूळ वर, हे अक्षरशः खरं.

दुसऱ्या श्लोकात 'अधश्च मूलानि' आहे ना, खालीही मुळं पसरलेली? त्या पारंब्या. म्हणून माझ्या मते गीतेतलं चित्र नावाने पिंपळाचं आणि रूपाने वडाचं आहे. पिंपळाला वडासारख्या पारंब्या नसतात.

सावलीही दोघांची वेगळी. वडाची गच्च, गार, काळोखी. पिंपळाच्या पानाचा देठ लांब, पान सदा हलतं, त्यामुळे खालची सावलीही हलते. वारा नसला तरी कट्ट्यावर उन्हाचे कवडसे नाचत असतात.

वेदवाचक
रानवाट, तुम्हाला ग्रंथांचं कळत नाही असं पुन्हा म्हणू नका. अमरकोशात पिंपळाचं एक नावच 'चलदल' आहे, ज्याची पानं हलतात तो. आणि दुसऱ्या झाडावर रुजणारा पिंपळ अथर्ववेदाला पक्का ठाऊक होता. 'शमीमश्वत्थ आरूढः' असा मंत्र आहे, शमीवर चढलेला अश्वत्थ. यज्ञाचा अग्नी घुसळायच्या अरणीसाठी असाच, शमीवर वाढलेला पिंपळ घ्यायची परंपरा होती. न्यग्रोध शब्दाचा अर्थही खाली वाढणारा असाच होतो.

तुमचं बारीक बी छांदोग्यात आहेच. उद्दालक मुलाला वडाचं फळ आणायला सांगतो, फोडायला लावतो, मग आतली कणी फोडायला लावतो. "काय दिसतं?" "काहीच नाही." "जे तुला दिसत नाही, त्यातूनच हा एवढा वड उभा आहे."

सत्तरीकर
पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो म्हणूनच ऋषींनी पवित्र मानला, हे कुणी लिहिलं नाही अजून?

रानवाट
कारण तसं होत नाही. पान प्रकाशात ऑक्सिजन तयार करतं, रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वास घेतो. पिंपळाला मोठेपणा द्यायला हा आधार लागत नाही. फळं धरली की पाखरांची सकाळ ऐकायला या, पुरे.

सत्तरीकर
बरं. आमच्याकडे केरीच्या बाजूला देवराईतल्या झाडाची काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही. राखणदाराची भीती. ग्रंथ कुणी वाचला नाही, पण झाडं उभी आहेत.

गिरीपाद
बौद्ध परंपरेत सावलीचा अर्थ फार नितळ आहे. बोधी मिळाल्यावर बुद्ध लगेच उठून उपदेशाला गेले नाहीत. उरुवेलेत ते एकामागून एका झाडाखाली काही आठवडे बसून राहिले. त्यातला एक अजपाल न्यग्रोध, म्हणजे शेळ्या राखणाऱ्यांचा वड. मिळालेलं लोकांना सांगावं की गप्प राहावं, हा विचार त्यांनी या गुराख्यांच्या सावलीत केला, हे मला फार जवळचं वाटतं. मुचलिंदाच्या झाडाखाली असताना अवेळी पाऊस आला, तेव्हा नागाने डोक्यावर फणा धरला. झाड कमी पडलं तिथे नाग सावली झाला.

जैनांकडे पहिले तीर्थंकर ऋषभनाथ यांना केवलज्ञान वडाखाली झालं असं मानतात. आणि सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात तर स्पष्ट आहे: रस्त्यांवर वड लावले, ते पशूंना आणि माणसांना सावली देतील. पशू आधी, माणसं नंतर. रायतूरकरांच्या योनाच्या गोष्टीतल्या गुरांशी हे किती जुळतं.

हरिपाठी
सगळं वाचलं. छान आहे, पण मूळ प्रश्न बाजूला पडतोय. आसरा देणारी झाडं सगळीकडे आहेत, भागवतात तर कृष्ण स्वतः गोपांना उन्हात झाडं दाखवून म्हणतो, बघा, ही वारा-पाऊस-ऊन सोसतात आणि आपल्याला त्यापासून वाचवतात. ते वेगळं झाड. पंधराव्यातलं वेगळं. आचार्यांचं वाक्य परत वाचा, पानं झाडाचं रक्षण करतात असं आहे, खाली बसलेल्याचं नव्हे. वेदवाचकांनी त्यातून सावली काढली, ती ओढून काढलेली वाटते.

वेदवाचक
हरिपाठी, हा आक्षेप मान्य. पण दोन झाडं इतकी वेगळी ठेवता येतील का? आचार्य त्याच श्लोकाखाली पुराणातले श्लोक देतात, ते महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातही आहेत. तिथे या ब्रह्मवृक्षाला 'आजीव्यः सर्वभूतानाम्' म्हटलंय. सगळे जीव ज्याच्यावर जगतात तो. आणि लगेच पुढे, ज्ञानाच्या तलवारीने तोडून टाका. जगवणारं झाड आणि तोडायचं झाड एकच आहे. ही अडचण ग्रंथाने आपल्या हातात तशीच ठेवली आहे, मी ती सोडवून देऊ शकत नाही.

रायतूरकर
आमच्याकडेही ती तशीच आहे. होशेय संदेष्टा लोकांना रागावतो की तुम्ही डोंगरांवर ओक आणि एला वृक्षांखाली होमहवन करता, कारण त्यांची सावली चांगली. आणि त्याच बायबलात 121वं स्तोत्र म्हणतं, परमेश्वर तुझ्या उजव्या हाताला तुझी सावली आहे. सावलीचा मोह वाईट आणि देवाला नाव मात्र सावलीचंच.

अवांतर: फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 साली आमच्या रायतूरला छापलं. एदेन बागेतलं झाड, पाप, देवाचं वचन, सगळं मराठी ओवीत, जवळजवळ 11 हजार ओव्या, आणि स्वर्गाला त्यात वैकुंठ म्हटलंय. त्या इंग्रज पाद्र्याने इथे येऊन मराठी शिकून झाडाची गोष्ट आपल्या कानाला ओळखीची केली. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' शाळेत पाठ केली असेल, ती त्याचीच.

माशेलकरीण
ती ओवी माझ्या आजोबांना पाठ होती. ते कुळागरात पाणी सोडताना म्हणायचे.

कट्टेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज दोन बैठकांत बाबांना सगळं वाचून दाखवलं. माशाची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. योनाची ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी एक सांगितलं, ते तुमच्यासाठी लिहितो. कट्ट्यावरचे म्हातारे कधी एका जागी बसत नाहीत. सकाळी सगळे पश्चिमेच्या कडेला. ऊन वर चढलं की बुंध्याला टेकून. दुपारनंतर पूर्वेच्या कडेला. कुणी कुणाला उठा म्हणत नाही, सावली सरकली की माणूस बोलता बोलता वीतभर सरकतो. दिवसभरात कट्ट्याला अर्धी प्रदक्षिणा होते. बाबा म्हणाले, "मी तिथं बसायचो तेव्हा मला सावली कधी दिसलीच नाही. झाडाखाली बसलेल्याला झाड दिसतं, गप्पा दिसतात. फांदी पडली, रस्त्यावरून छत्री घेऊन जात होतो, तेव्हा लांबून कळलं की इथे सावली होती." आणि मग हरिपाठींना सांगायला लावलं की अध्यायात सावली नाही हे तुमचं बरोबर आहे. सहावा श्लोक बघा म्हणाले, 'न तद्भासयते सूर्यो'. जिथे सूर्यच पोचत नाही त्या घरी जायचंय, तिथे सावलीची सोय कोण सांगत बसेल.

हरिपाठी
तुमच्या बाबांना साष्टांग नमस्कार. सहाव्या श्लोकाशी हे जोडायचं मला कधी सुचलं नव्हतं.

वेदवाचक
मलाही नाही. मास्तरांना माझ्याकडून ऋग्वेदातल्या दोन ओळी वाचून दाखवा. एक हिरण्यगर्भ सूक्तातली: 'यस्य छायामृतं यस्य मृत्युः'. अमृत ही ज्याची सावली, मृत्यूही ज्याची सावली. दुसरी सहाव्या मंडलातली, भरद्वाजांच्या घराण्यातली: 'उप च्छायामिव घृणेरगन्म शर्म ते वयम्'. उन्हातून सावलीत यावं तसे आम्ही तुझ्या आसऱ्याला आलो. हे कुणाला म्हटलंय, तर अग्नीला. सोन्यासारख्या झळाळणाऱ्या अग्नीला सावली म्हटलंय. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, या ओळीपाशी दर वेळी थांबलो.

कट्टेकर
वाचून दाखवलं. बाबांनी वहीत उतरून घेतलं, अक्षर थरथरतं पण स्वच्छ. दुसरी ओळ आज ताटावर अध्यायानंतर म्हटली.

रानवाट, एक व्यवहाराचं विचारायचं राहिलं. पश्चिमेच्या बाजूला नवं झाड लावायचं मनात आहे, कट्ट्यापासून पंधरा-वीस हातांवर. वड लावावा की पिंपळ? देवस्थानच्या मंडळींशी बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही.

रानवाट
वडाला जागा फार लागते आणि शेजारी देऊळ आहे, पारंब्या भिंतीत शिरतील. पिंपळ लावा, पण पंधरा-वीस हात कमी पडतील, तीस हात तरी सोडा. वीजवाहिनी वरून जात नाही ना, ते आधी बघा.

रोप विकत घेऊ नका. माझ्या विहिरीच्या कठड्यात एक पिंपळ उगवलाय, कमरेएवढा झालाय. तो काढायचाच आहे, नाहीतर चिरे फोडील. आत्ता ओढला तर मूळ तुटेल. मिरगाचे दोन-चार चांगले पाऊस पडले की चुना सैल होतो, तेव्हा फटीत पाणी सोडून हळूहळू मुळासकट काढू. येताना ओलं गोणपाट आणा. आणि बाबांना बरं असेल तर त्यांनाही घेऊन या, विहिरीजवळ फणसाची सावली आहे.